कागद आहे का? वन्यजीव कायद्यावर वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत एक गोष्ट ठळकपणे दिसली. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कधी काही विकलेले नाही. वस्तू वारशाने आली, भेट मिळाली, देवघरात ठेवायला कुणी आणून दिली, मुलाच्या हट्टापायी पक्षी घरात आला. पण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ विक्रीच्या आधी ताबा पाहतो. वस्तू तुमच्याकडे सापडली की ती बेकायदा आहे असे गृहीत धरले जाते आणि तसे नाही हे दाखवायचे काम तुमच्यावर येते. हे कलम ५७ सांगते. म्हणून खालच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात ‘कागद आहे का?’ हाच प्रश्न फिरून येईल.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर कायद्याला चार अनुसूची आहेत. पहिलीत सर्वाधिक संरक्षण असलेले प्राणी आहेत, दुसरीत बाकीचे संरक्षित प्राणी, तिसरीत वनस्पती. चौथीत साइटीस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतल्या जाती आहेत, त्यात परदेशी जातीही आल्या. भारत या करारात १९७६ पासून आहे.

प्रश्न : सातारा जिल्ह्यातल्या आमच्या वाड्यात आजेसासऱ्यांच्या काळातले वाघाचे कातडे आहे, डोक्यासकट. मागे म्हैसूरच्या कंपनीची चिठ्ठी आहे. वाडा विकायचा आहे. कातड्याचे काय करावे? एक ओळखीचे गृहस्थ ‘फुकट द्या, मी सांभाळतो’ म्हणतात.

त्या गृहस्थांना देऊ नका. फुकट दिले तरी घेणारा गुन्हेगार ठरतो. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची वस्तू आज वारशाखेरीज कोणत्याही मार्गाने नव्याने कुणाकडे येऊ शकत नाही. दान, भेट, सांभाळायला देणे, वाड्याच्या व्यवहारात ‘आहे त्या सामानासह’ देणे, यांतला कोणताही मार्ग चालत नाही. खरेदीखतात सामानाची यादी करणार असाल तर वकिलांना हे आधीच सांगा.

म्हैसूरची चिठ्ठी बहुधा व्हॅन इंगेन यांची असेल. संस्थानी आणि ब्रिटिश काळात शिकारीची हजारो कातडी त्यांच्याकडे भरून घेतली जात. त्यावरचा क्रमांक वस्तूचे वय सांगायला उपयोगी पडतो, पण ते मालकीचे प्रमाणपत्र नव्हे. तुम्हाला हवा आहे तो मुख्य वन्यजीव रक्षकांनी कलम ४२ खाली दिलेला दाखला. कायदा आला तेव्हा अशा वस्तू जाहीर करायच्या होत्या. ज्यांचे राहून गेले त्यांना २००३ मध्ये १८० दिवसांची आणखी एक संधी मिळाली. म्हणून जुन्या ट्रंका, जमिनीच्या कागदांच्या फायली, देवघराच्या कपाटाचा खालचा कप्पा आधी तपासा. दाखल्यावर वस्तूचे वर्णन, लांबी-रुंदी आणि कधी कधी वस्तूवर मारलेल्या शिक्क्याचा क्रमांक असतो. तो वस्तूशी जुळतो का पाहा. अनेक घरांत दाखला सांबराच्या शिंगांचा असतो आणि कातड्याचा समजून जपलेला असतो.

दाखला सापडला आणि तो आजेसासऱ्यांच्या नावावर असेल, तर वारसाने वारसा मिळाल्यापासून ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे घोषणा करायची असते. त्यांचे कार्यालय नागपूरला आहे. अर्ज तुमच्या भागातल्या उपवनसंरक्षकांमार्फत द्या. सोबत मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा, मूळ प्रमाणपत्र आणि चारी बाजूंचे फोटो जोडा. मुदत टळली असेल तरी अर्ज करा आणि उशीर का झाला ते लेखी लिहा. गप्प राहिलात तर पुढच्या पिढीला हेच कोडे आणखी अवघड होऊन मिळेल. वस्तू दुसऱ्या राज्यात नेली, म्हणजे समजा मुलाकडे बेळगावला किंवा पणजीला, तर ३० दिवसांत कळवावे लागते.

सांभाळायची नसेल तर २०२२ च्या दुरुस्तीने सोय केली आहे. प्रमाणपत्रधारकाने मुख्य वन्यजीव रक्षकांना कामकाजाच्या सात दिवसांची सूचना देऊन वस्तू शासनाकडे जमा करायची. मोबदला मिळत नाही.

दाखलाच नसेल तर मात्र कातडे कलम ३९ प्रमाणे शासनाची मालमत्ता ठरते, आणि अशी वस्तू हाती आली की ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचे असते. आमचा सल्ला असा : फौजदारी कामाचा अनुभव असलेल्या वकिलांकडून अर्ज लिहून घ्या. वस्तू केव्हापासून घरात आहे, कुणाच्या काळातली आहे, जुन्या फोटोंत ती दिसते का, हे सगळे त्यात येऊ द्या. मग स्वतः होऊन वन विभागाकडे जा, पंचनामा करून जमा करा आणि पोच घ्या. स्वतःहून आलेला आणि धाडीत सापडलेला यांच्याकडे तपास अधिकारी एकाच नजरेने पाहत नाही. ते जाळणे किंवा नदीत सोडणे सर्वांत वाईट. गुन्हा पुसला जात नाही, पुरावा नष्ट केल्याची भर मात्र पडते.

एक आरोग्याची गोष्ट. त्या काळी कातड्याला आतून आर्सेनिक, म्हणजे सोमल, चोळत असत. ते अजूनही तिथेच असते. हलवताना हातमोजे आणि मास्क वापरा, झटकू नका, लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका.

प्रश्न : पुण्यात राहतो. २०२१ मध्ये एकाकडून आफ्रिकन ग्रे पोपट घेतला. पावती नाही. आता नोंदणी लागते असे ऐकले. आमच्याकडे एक साधा हिरवा पोपटही नऊ वर्षांपासून आहे. दोघांची एकदमच नोंदणी करता येईल का?

नाही. या दोन पक्ष्यांना दोन वेगळे नियम लागतात, आणि गंमत म्हणजे अडचण साध्या पोपटाचीच मोठी आहे.

आफ्रिकन ग्रे २०१७ च्या जानेवारीपासून साइटीसच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे रानातून पकडलेल्या पक्ष्याचा व्यापारी व्यवहार जगभर बंद. भारतात चौथ्या अनुसूचीतला कोणताही जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने नोंदणी करायची असते. तिचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ रोजी आले. आधीपासून प्राणी असणाऱ्यांना सहा महिने दिले होते, नव्याने आणणाऱ्याला आणल्यापासून ३० दिवस. अर्ज केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर होतो आणि राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. तुमची मुदत उलटली आहे, तरी अर्ज कराच. पक्ष्याचे समोरून, बाजूने आणि पायाच्या कडीचे असे स्वच्छ फोटो काढा. पशुवैद्याकडून वय, लिंग आणि तब्येत यांचा लेखी दाखला घ्या. पावती नसेल तर बँकेतून दिलेल्या पैशांची नोंद, त्या वेळचे मोबाइलवरचे निरोप, जुन्या फोटोंवरच्या तारखा गोळा करा.

कडी नीट पाहा. सांधा नसलेली अखंड कडी पिल्लू साधारण दोन आठवड्यांचे असतानाच पायात सरकवता येते, नंतर बोटे आणि पंजा मोठे होऊन ती जात नाही. म्हणून अखंड कडी हा पक्षी पिंजऱ्यात जन्मल्याचा चांगला पुरावा मानतात. फट असलेली, दाबून बसवलेली कडी कोणत्याही वयात घालता येते. तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही. विक्रेता ‘कडी आहे ना!’ म्हणाला की ती कोणती, हे विचारावे.

पुढे जोडी लावायचा विचार असेल तर थांबा. पहिल्या परिशिष्टातल्या जातीची पैदास करायला वेगळा परवाना लागतो. जन्म, मृत्यू आणि हस्तांतर प्रत्येक वेळी कळवावे लागते. पक्षी मेला आणि कळवले नाही तर तुमच्या नावावर एक ‘जिवंत’ पक्षी राहतो. त्याच कागदावर दुसरा पक्षी खपवणे हा या धंद्यातला जुना प्रकार आहे, तेव्हा संशय तुमच्यावर येईल.

याच पत्रात तुम्ही मित्रांच्या पक्ष्यांबद्दल विचारले आहे. आपण सर्रास ज्याला लव्हबर्ड म्हणतो तो छोटा बजरीगर, कॉकाटेल आणि गुलाबी चेहऱ्याचा पीच-फेस लव्हबर्ड हे साइटीसच्या यादीत नाहीत, त्यांना नोंदणी नको. पण फिशर लव्हबर्ड, सन कन्यूर, सगळे मकाव, काकाकुवा, आणि कुणाच्या ध्यानीमनी नसलेली जावा चिमणी हे सगळे यादीत आहेत. पक्ष्यांपलीकडे हिरवा इग्वाना आणि बॉल पायथन यांनाही नोंदणी लागते. वास्तूसाठी टाकीत ठेवतात त्या माशांपैकी आशियाई अरोवाना पहिल्या परिशिष्टात आहे, दक्षिण अमेरिकेतला रुपेरी अरोवाना नाही. दुकानात दोन्ही नुसते ‘अरोवाना’ म्हणूनच विकतात.

आता हिरवा पोपट. आपल्याकडचा कंठवाला पोपट भारतीय वन्य पक्षी आहे. तो पाळता येत नाही, विकता येत नाही, त्याची नोंदणीही होत नाही. त्याचा साइटीसच्या यादीत समावेश नाही हे खरे, पण त्याने काही सुटका होत नाही. आपला कायदा त्याला वेगळे संरक्षण देतो. भारतीय पक्ष्यांचा व्यापार १९९० च्या सुमारास पूर्ण बंद झाला. झाडाच्या ढोलीतून पिल्लू काढणे कायद्याच्या व्याख्येत शिकारच आहे, कारण घरटे किंवा अंडी काढणेही त्या व्याख्येत येते. बाजारात पोहोचलेल्या एका पिल्लामागे वाटेत मेलेली किती असतात, हे ढोल्या फोडलेली झाडे पाहिली की कळते. तुम्ही ते केले नाही, मान्य आहे. पण नऊ वर्षांपूर्वी कुणीतरी ते केले म्हणूनच तो तुमच्याकडे आला.

खिडकी उघडून त्याला सोडू नका, एवढे कळकळीने सांगतो. नऊ वर्षे डाळ, पेरू आणि मिरची वाटीत मिळालेल्या पक्ष्याच्या छातीचे स्नायू उडण्याजोगे राहिलेले नसतात. त्याला घार ओळखता येत नाही, थवा त्याला घेत नाही, आणि तो दुसऱ्या कुणाच्या गॅलरीत जाऊन पुन्हा पिंजऱ्यात पडतो किंवा कावळ्यांच्या तावडीत सापडतो. वन विभागाच्या उपचार केंद्रात जमा करा. तिथे पिसे, चोच, वजन पाहून त्याला मोठ्या पिंजऱ्यात उडायला शिकवतात. जे सोडण्यासारखे नसतात त्यांना तिथेच ठेवतात. स्वतः आणून देणाऱ्याने साधा अर्ज लिहावा आणि पोच घ्यावी.

प्रश्न : मी न्यू जर्सीत गाणे शिकवते. मिरजेहून नवा तंबोरा आणायचा आहे आणि गुरुजींचा जुना तंबोराही. विमानतळावर लाकडावरून आणि हस्तिदंतावरून अडवतात असे सहकलाकारांनी सांगितले. नेमके काय लागते?

नव्या तंबोऱ्याची काळजी करण्यासारखे फार काही नाही. मिरजेत दांडी आणि तबली बहुधा तुणीच्या लाकडाची असते, आणि भोपळा तर भोपळाच. या दोन्ही गोष्टी साइटीसच्या यादीत नाहीत. प्रश्न येतो तो खुंट्या, घोडी किंवा नक्षी शिसवाची असते तेव्हा. शिसवाचा डालबर्जिया हा अख्खा वंश २ जानेवारी २०१७ पासून दुसऱ्या परिशिष्टात गेला आणि जगभरच्या वादकांची तारांबळ उडाली. ती अडचण २०१९ मध्ये दूर झाली. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्ये, त्यांचे तयार भाग आणि जोडवस्तू यांना साइटीसचा परवाना लागत नाही. अपवाद ब्राझीलच्या शिसवाचा, तो पहिल्या परिशिष्टात आहे. तो मिरजेच्या वाद्यात असण्याचे कारण नाही, जुन्या परदेशी गिटारींत असतो.

‘तयार’ हा शब्द महत्त्वाचा. अर्धवट खुंट्यांचे ठोकळे, शिसवाच्या फळ्या ‘तिकडे बसवून घेऊ’ म्हणून बॅगेत टाकल्या तर सवलत मिळत नाही. कारागिराकडून पावती घेताना प्रत्येक भागाचे लाकूड शास्त्रीय नावासह लिहून घ्या : दांडी तूण, टूना सिलियाटा, खुंट्या शिसम, डालबर्जिया सिसू, घोडी उंटाचे हाड. नुसते ‘रोझवूड’ लिहिलेली पावती तपासनीसाच्या मनात शंकाच निर्माण करते, कारण त्या नावाखाली अनेक झाडे येतात. तंबोऱ्याबरोबर शिसवाची पेटी, चौरंग अशी काही वस्तू असेल तर तिला वाद्याची सवलत नाही, तिथे १० किलोंची मर्यादा आहे. निर्यातदार त्याहून जड माल ‘वृक्ष’ या प्रमाणपत्रावर पाठवतात, ते हस्तकला निर्यात परिषद देते.

जुन्या तंबोऱ्याकडे मात्र भिंग घेऊन बसा. हस्तिदंत असू शकेल अशा जागा ठरलेल्या आहेत : घोडी, तारा जिच्यावरून जातात ती वरची अट, खुंट्यांच्या टोकांवरच्या टिकल्या, भोपळ्याच्या कडेची पांढरी पट्टी आणि सूर जुळवायचे मणी. हंसाच्या आकाराचे जुने मणी आधी तपासा. दहापट भिंगाखाली हाडात बारीक गडद ठिपके आणि रेघोट्या दिसतात. त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या असतात आणि त्यांत वर्षांचा मळ भरलेला असतो. हस्तिदंत गुळगुळीत असतो, आणि आडव्या कापावर एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. हत्तीच्या दातात बाहेरच्या कडेजवळ त्या रेषांचे कोन विशाल असतात, मॅमथच्या दातात लघुकोन. सेल्युलॉइडमध्ये रेषा समांतर आणि यंत्राने आखल्यासारख्या सरळ असतात, घासले की कापराचा वास येतो. तापवलेल्या सुईची चाचणी जुन्या पुस्तकांत असते, ती करू नका. सेल्युलॉइड पेट घेते आणि वाद्यही जळते.

पट्ट्या बहुतेक वेळा सेल्युलॉइडच्या किंवा हाडाच्या निघतात. पण एक मणी जरी हस्तिदंताचा निघाला तरी तो घेऊन निघू नका. भारतात भारतीय हस्तिदंताचा व्यापार १९८६ च्या दुरुस्तीने आणि आयात आफ्रिकी हस्तिदंताचा १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाला. भारतातून तो बाहेर नेता येत नाही, आणि अमेरिकेत उतरताना वाद्यासकट जप्त होऊ शकतो. मिरजेतच तो भाग काढून उंटाच्या हाडाचा, आबनुसाचा किंवा कृत्रिम पदार्थाचा बसवून घ्या. मण्यांनी सुरात काही फरक पडत नाही. घोडी बदलली की जवारी, म्हणजे तारेला गुंजन देणारा घोडीचा घासलेला पृष्ठभाग, नव्याने काढावी लागते, त्यासाठी आठवडाभर हाताशी ठेवा, शेवटच्या दिवशी जवारी नीट बसत नाही. काढलेला तुकडा कारागिराकडे सोडून देऊ नका, त्यालाही तो बाळगता येत नाही. पहिल्या प्रश्नात सांगितल्याप्रमाणे वन विभागाकडे जमा करा. सांबरशिंगाच्या जुन्या घोडीचेही असेच. जंगलात गळून पडलेले शिंगसुद्धा विकता येत नाही, मग ते कुणी मारले नाही हे कितीही खरे असो.

बदलाची पावती, आधीचे आणि नंतरचे फोटो वाद्याच्या पेटीतच ठेवा. सामानात दिलेल्या बॅगेत ते कागद काही कामाचे नाहीत.

प्रश्न : आमच्या सासूबाईंनी ऑनलाइन ‘हात्ता जोडी’ आणि ‘इंद्रजाल’ मागवले. दोन्ही ‘दुर्मिळ वनस्पती’ म्हणून विकतात. खरेच वनस्पती आहेत का?

दोन्ही प्राणी आहेत.

हात्ता जोडी शेंदरात घोळलेली, लवंग-वेलदोड्यासह डबीत येते. शेंदूर झटकला तर खाली तपकिरी-काळी, सुकून चिवट झालेली वस्तू दिसते. कोपरापासून जोडलेल्या दोन हातांसारखी, टोकाला सुरकुतलेल्या मुठी. विंध्यातल्या किंवा अमरकंटकच्या झाडाचे मूळ, असे सांगतात. असे मूळ अस्तित्वात नाही. ते नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय आहे. सापसरड्यांच्या कुळात ते दुहेरी असते, म्हणून दोन हात. घोरपड पहिल्या अनुसूचीत आणि साइटीसच्या पहिल्या परिशिष्टात आहे. काही विक्रेते विंचू किंवा वाघनखी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या तणाची दोन आकड्यांची कडक काळी बोंडेही याच नावाने खपवतात, ती खरी वनस्पती. तिसरा प्रकार साच्यात ओतलेल्या प्लास्टिकचा. पक्का निकाल एक्स-रे किंवा डीएनए तपासणीने लागतो. ती तपासणी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि हैदराबादची लॅकोन्स प्रयोगशाळा करतात.

इंद्रजाल म्हणजे समुद्रपंखा, कधी काळे प्रवाळ. चौकटीत बसवलेले, एकाच पातळीत पसरलेले काळे जाळे पाहिले असेलच. देठाशी खडकाला चिकटायची चकती असते आणि नीट धुतलेले नसेल तर फांद्यांवर चुन्यासारखा पापुद्रा आणि त्यात सुईने टोचल्यासारखी भोके. प्रत्येक भोकात एक इवला प्राणी राहत होता. ते लाकूड नाही, शिंगासारखे प्रथिन आहे. म्हणून जळाले तर केस जळल्याचा वास येतो. दोन्ही गट २००१ पासून पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ लाटेने आलेला दगडी प्रवाळाचा मेलेला तुकडा उचलून आणणेही याच कक्षेत येते. तिथे तर १९८७ पासून सागरी अभयारण्यही आहे.

पहिल्या अनुसूचीतल्या गुन्ह्याला किमान तीन, कमाल सात वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. दंड भरून तडजोड करून सुटण्याची वाट या गुन्ह्यांत नाही. सासूबाईंना घाबरवू नका, पण वस्तू कुणाला देऊ नका, विसर्जितही करू नका. जाहिरातीचे पान, विक्रेत्याचे नाव, पैसे दिल्याची नोंद आणि पार्सलवरचा पत्ता यांचे फोटो काढा. तक्रार जाताच पान गायब होते, म्हणून हे आधी. मग परिक्षेत्र वन अधिकाऱ्याकडे वस्तू आणि लेखी निवेदन द्या. फसवून विकले गेल्याचा तुमचा पुरावा म्हणजे त्या पानावरचा ‘वनस्पती’ हा शब्दच. खात्री करायला पुन्हा मागवून पाहू, असे मात्र करू नका.

प्रश्न : मोरपीस घरात ठेवणे गुन्हा आहे का?

नाही. मोराच्या शेपटीचे नैसर्गिकरीत्या गळलेले पीस बाळगायला आणि देशात विकायला कायद्याने मुभा आहे. पावसाळा सरता सरता मोर सगळा पिसारा टाकतो. मारून उपटलेल्या पिसाच्या देठाच्या टोकाशी सुकलेले रक्त किंवा त्वचेचा अंश राहतो, गळलेल्याचे टोक कोरडे, स्वच्छ, बंद असते. देठ तिरपे छाटलेल्या पिसांच्या जुड्या स्वस्तात मिळत असतील तर घेऊ नका, छाटण्यामागे बहुधा हेच कारण असते. परदेशी पाठवायला किंवा न्यायला मात्र बंदी आहे. अमेरिकेतल्या नातवासाठी कृष्णाच्या मुकुटात मोरपीस खोचून पाठवू नका.

प्रश्न : आम्ही छोट्या प्रमाणावर आयुर्वेदिक तेले करतो. उपलेट (कोष्ठ) वापरतो. मसाल्याच्या बाजारात सहज मिळते. परवाना लागतो का?

लागतो, आणि सहज मिळते म्हणून कायदेशीर आहे असे समजू नका. उपलेट हिमालयातली वनस्पती आहे, तिसऱ्या अनुसूचीत आणि साइटीसच्या पहिल्या परिशिष्टात आहे. मूळ, चुरा आणि अर्क तिन्हींना नियम लागू होतात. खरेदी फक्त परवानाधारक विक्रेत्याकडून करायची. रानातली उपटलेली चालत नाही. लाहौलसारख्या भागात तिची शेती होते, तिथल्या मालाबरोबर लागवडीचा दाखला येतो. पावतीवर विक्रेत्याचा परवाना क्रमांक, वजन, लॉट आणि लागवडीच्या दाखल्याचा संदर्भ लिहून घ्या आणि तुमच्या उत्पादन नोंदवहीत तोच लॉट क्रमांक उतरवा. दाखल्यातले वजन आणि तुमचा वापर जुळला नाही की तपासात तिथेच बोट ठेवले जाते. तेल परदेशी पाठवणार असाल तर बाटलीत किती थेंब आहे याने फरक पडत नाही, साइटीसचा निर्यात परवाना लागेल. उपलेटात पुष्करमुळाची भेसळ पुष्कळ होते, तेव्हा एकदा प्रयोगशाळेतून ओळख पटवून घेतलेली बरी.

प्रश्न : आमच्या शेतात मांडूळ निघाला. एकाने ‘दोन किलोच्या वरचा असेल तर लाखो देतो’ म्हणून फोन केला. गावातल्या मुलांनी तो पोत्यात धरून ठेवला आहे.

आधी पोते सोडा. पकडून ठेवणे ही कायद्याच्या व्याख्येत शिकार आहे, विकायचा विचार नसला तरी. मांडूळ संरक्षित आहे आणि साइटीसच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. त्याला दोन तोंडे नसतात. शेपूट बोथट असते आणि शत्रू समोर आला की तो तीच पुढे करतो, एवढेच. पैशांचा पाऊस, गुप्तधन, औषध, यांतले काहीही त्याच्यात नाही. गुप्तधनाच्या नावाने अघोरी प्रकार करणाऱ्यांवर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखालीही गुन्हा होतो.

अशा व्यवहारात वजन, लांबी, ‘चाचणी’ अशा पायऱ्या सांगत जातात आणि दर पायरीला थोडे पैसे मागतात. शेवटी एक तर पैसे जातात किंवा सौदा करायला गेलेली गावातली पोरे पकडली जातात. फोन करणारा सापडत नाही. त्याचा क्रमांक, फोनची वेळ, निरोप जपून ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. त्याला भेटायला बोलावणे, सौदा पुढे नेणे हे तुमचे काम नाही, ते पथकाला ठरवू द्या.

मांडूळ सापडला त्याच बांधाजवळ सोडा, दूरच्या डोंगरात नेऊ नका. तो विषारी नाही. ऊन कमी झाल्यावर, भुसभुशीत मातीच्या जागी पोते आडवे करून तोंड उघडे ठेवा आणि बाजूला व्हा. ओतू किंवा झटकू नका. पोत्यात घुसमटून तोंडाशी जखम झालेली असेल किंवा तो हालचाल करत नसेल तर सोडण्याआधी १९२६ वर विचारा. आसपासची उंदरांची बिळे नांगरताना थोडी राखता आली तर तो तिथेच राहील, उंदीर खाईल, आणि पावसाळ्याच्या सुमारास कदाचित तिथेच पिल्ले देईल. अंडी नाही घालत तो, थेट पिल्लेच देतो.